सीलबंद खटका

करंजपुरात लग्नकार्य नसतानाही मुंडावळ्या बांधून बसणारी जमात एकच, इंजिनिअरांची. त्या वस्तूचं खरं नाव होतं अवधानपट्टी. सरकारदरबारी तेच लिहायचे. पण कपाळावरून मागं नेऊन बांधायची ती चंदेरी पट्टी आणि तिला जोडलेला जाड काड्यांचा चष्मा बघून कुणीतरी पहिल्याच आठवड्यात मुंडावळ्या म्हणालं, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. “काय, बांधल्या का मुंडावळ्या?” असं एकमेकांना विचारून मंडळी खिदळायची. वर्षभर खिदळली, मग आपोआप थांबली.

पट्टी आली कशी, ते आधी सांगायला हवं. त्याआधीच्या काळात ड्रॉइंगवर सही करणं ही निव्वळ हाताची सवय होऊन बसली होती. समोर आलं की ठोक सही. पूल खचले, टाक्या कोसळल्या, आणि दर वेळी कोर्टात उभा राहून इंजिनिअर एकच सांगायचा, की मी तपासलं होतं साहेब, माणूस आहे, नजरचूक झाली. त्याच्या मनात त्या वेळी काय होतं हे त्यालाच माहीत. पुलाबरोबर पडलेल्यांना काय माहीत असणार?

आता माणसाचा मेंदू मोठा चोखंदळ. समोर जे यायला हवं ते आलं नाही, की तो आतल्या आत दचकतो. आरती चालू असताना कुणी एक कडवं गाळून पुढं गेलं, की आपले टाळ्या वाजवणारे हात क्षणभर अडखळतात. काय चुकलं ते मागून कळतं. त्या अडखळण्याच्या वेळी मेंदूत विजेची एक बारीक लाट उठते, पापणी लवायच्या आत. डॉक्टरांना ती फार पूर्वीपासून ठाऊक होती, पण ती टिपायला डोक्यावर चिकट लेप थापून तारांचं जाळं चढवावं लागायचं. पुढं साध्या पट्टीतून ती लाट टिपणारे संवेदक निघाले. चष्म्यामुळं त्या क्षणी नजर नेमकी कुठं होती, तेही कळायला लागलं. दोन्हींची सांगड घातली की झालं. या माणसाला, या रेषेवर, काहीतरी खटकलं. कायद्यात त्याला ‘विसंगती-प्रतिसाद’ असा भारदस्त शब्द होता. लोक त्याला सरळ खटका म्हणायचे.

कायदा असा होता. लोकांनी वापरायच्या कुठल्याही बांधकामाला दोन सह्या हव्यात, एक डिझाइन करणाऱ्याची आणि दुसरी त्याच्याशी काही संबंध नसलेल्या तपासनिसाची. दोघांनीही पट्टी बांधून सही करायची. पट्टीतली नोंद सीलबंद. बांधणाऱ्यालाही ती दिसायची नाही. उद्या बांधकाम पडलं, तर चौकशी समितीनं ती उघडायची. लक्षच नव्हतं असं निघालं, तर हलगर्जी, परवाना काही काळासाठी गेला. लक्ष होतं पण खटका बसला नाही असं निघालं, तर प्रामाणिक चूक, विमा भरपाई देईल. आणि खटका बसला होता, तरी सही केली असं निघालं, तर मग ते जाणूनबुजून. त्याला तुरुंग होता आणि परवाना जन्मासाठी जप्त.

इंजिनिअर मंडळी असं मुकाट्यानं थोडीच ऐकून घेतात. त्यांची संघटना कोर्टात गेली. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती कुणावर करता येत नाही, मग माझ्याच कपाळाला माझ्याविरुद्ध बोलायला लावणं ही सक्ती नाही तर काय, असा मुद्दा मांडला आणि जिंकला. तेव्हापासून नोंद उघडायला बांधणाऱ्याची संमती लागायची. संमती नाकारली म्हणून कुणाला दोषी धरायचं नाही, हेही ठरलं. तेव्हापासून राज्यातल्या एकाही इंजिनिअरनं संमती दिली नव्हती. तत्त्वाचा प्रश्न आहे, असं जो तो छाती काढून सांगायचा. तत्त्व कसलं डोंबलाचं. ज्याला त्याला आपल्या कपाळात काय नोंदलं गेलंय याची धास्ती होती.

ऋतुजा शेटे ही करंजपुरातली तपासनीस. चाळिशीची, बोलायला नेमकी आणि कामाला कडक. तिच्या टेबलावरून एकदाही परत गेलं नाही असं ड्रॉइंग गावात सापडायचं नाही. कुणाचं काही चुकलं की ती सरळ लाल वर्तुळ काढून पाठवून द्यायची, मग तो ओळखीचा असो की पुढाऱ्याचा भाचा. त्या कडकपणाला एकच माणूस अपवाद होता, आणि तो म्हणजे इनामदार सर.

यशोधन इनामदार सरांनी उभी हयात गावच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवलं होतं आणि निवृत्तीनंतर ते घरून डिझाइनची कामं करत. ऋतुजा दुसऱ्या वर्षाला असताना तिचे वडील गेले. काकांनी तिचं लग्न उरकून टाकायचा घाट घातला. सरांना ते कळलं तसे ते काकांच्या घरी गेले आणि ओसरीवर बसून राहिले. चहा घेईनात, पाणी घेईनात. मुलगी पदवी पूर्ण करील, असं काकांच्या तोंडून वदवून घेतलं तेव्हाच उठले. हे ऋतुजा विसरली नव्हती, आणि विसरायला ती काही कृतघ्न नव्हती.

नगरपरिषदेच्या नव्या कबड्डी हॉलचं डिझाइन सरांकडे होतं. खरं तर ड्रॉइंग संगणकावरून पाठवायची पद्धत. सर मात्र स्वतः आले, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात भडंगाची पुडी घेऊन. नियमात स्पष्ट लिहिलं होतं, की तपासताना डिझायनर समोर नसावा. पण तुम्हीच सांगा, ज्या माणसानं काकांच्या ओसरीवर बसून तुमचं शिक्षण वाचवलं, त्याला ‘सर, जरा बाहेर बसता का’ असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? करंजपुरात कुणीच म्हणत नसे. वडीलधारा आला की खुर्ची पुढं करायची, चहा सांगायचा आणि त्याच्यासमोरच पट्टी बांधून बसायचं, ही तिथली रीत. ऋतुजानं तेच केलं.

हॉलची गॅलरी भिंतीपासून पुढं आलेली होती. आधीच्या डिझाइनमध्ये तिच्या पुढच्या कडेला खांब होते. मग नगराध्यक्षांनी हट्ट धरला, की खांबांमुळं मॅच दिसत नाही, खांब काढा. सरांनी खांब काढून गॅलरी सज्ज्यासारखी अधांतरी केली. इथं सगळा खेळ सळयांच्या जागेचा असतो. दोन्ही कडांना आधार असला की गॅलरी मधे वाकते आणि ताण खालच्या अंगाला बसतो, म्हणून सळया खाली. सज्जा पुढच्या टोकाला झुकतो आणि ताण वरच्या अंगाला बसतो, म्हणून सळया वर. हात आडवा धरून मनगटाला भरलेली बादली अडकवली, तर ओढ खांद्याच्या वरच्या बाजूला लागते, तसं. काँक्रीट दाब सोसतं, ताण त्याला सोसत नाही. तो सळईनंच घ्यायचा. ऋतुजाला हे शिकवलं होतं ते सरांनीच, वर्गात हात आडवा धरून.

सरांनी गॅलरीच्या सगळ्या कप्प्यांतल्या सळया वर घेतल्या होत्या. फक्त कोपऱ्यातला एक कप्पा राहिला होता. त्याचं ड्रॉइंग जुन्या संचातलं तसंच उचलून लावलेलं, खांब तेवढा पुसलेला आणि सळया खालीच. संगणकानं गणित तपासलं होतं आणि गणित बिनचूक होतं. पण कोपऱ्याचे तपशील सर अजून हातानं काढायचे, आणि हातानं काढलेलं माणसानंच बघायचं असा नियम होता.

ऋतुजाची नजर त्या कप्प्यावर आली आणि तिथंच अडकली. तिनं मान वर करून सरांकडे बघितलं. सर मजेत होते. वर्गात ही पोरगी खोडरबरानं कागद फाटेस्तोवर खोडायची, अशी तिचीच गोष्ट तिला सांगत होते आणि स्वतःच हसत होते. तिनं पुन्हा खाली बघितलं. सळया खालीच होत्या. पुन्हा वर बघितलं, तर सरांनी चहात बुडवलेलं बिस्किट तुटून कपात पडलं होतं आणि ते थरथरत्या हातानं चमच्यानं काढायची खटपट चालली होती. ‘म्हातारपण गं,’ म्हणून ते ओशाळं हसले. तिनं आणखी एकदा त्या कप्प्याकडे बघितलं, मग पुन्हा सरांकडे, आणि तिला गलबलून आलं.

आत्ता सांगितलं तर सरांना काय वाटेल, असं तिच्या मनात आलं. पहिल्या वर्षाच्या पोराला घालून पाडून बोलतात अशी ही चूक. विद्यार्थिनीनं तोंडावर दाखवायची? संध्याकाळी फोन करू, एकट्यातच सांगू, ते गुपचूप बदलून देतील आणि सुधारित ड्रॉइंग लावून टाकू, असा तिनं विचार केला आणि सही केली. सरांनी भडंगाची पुडी तिच्या पुढ्यात सरकवली आणि ते समाधानानं गेले.

संध्याकाळी तिनं फोन केला, नाही असं नाही. फोन सरांच्या बायकोनं, मेधाकाकूंनी उचलला. काकूंचा आवाज आनंदानं नुसता भरून आला होता. म्हणाल्या, आज किती दिवसांनी ह्यांनी पोटभर जेवण केलं, सगळ्यांना सांगत सुटलेत, ऋतुजानं एका फटक्यात पास केलं म्हणून. हल्ली ह्यांना वाटायला लागलं होतं गं, की आपलं संपलं सगळं. आता यावर काय बोलायचं? ऋतुजा म्हणाली, सहज केला होता फोन. दुसऱ्या दिवशी करू म्हणाली, मग त्याच्या पुढच्या. काम सुरू झालं, तसं तिचं मन तिलाच समजावायला लागलं, की सरांनी कोपऱ्याला काहीतरी वेगळा विचार केला असेल, आडवी तुळई असेल, आपल्याला काय कळतंय. चांगलं कळत होतं तिला. पण मनाला एकदा सवलत दिली, की ते हात पसरतच जातं.

साइटवरच्यांनी दोन सह्या बघितल्या आणि कागदावर होतं तसं बांधलं. हॉल झाला, उद्घाटन झालं, सरांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. ऋतुजा सत्काराला गेली होती, टाळ्याही वाजवल्या.

पहिले काही महिने कोपरा भरलाच नाही, कारण तिथून मैदान तिरकं दिसायचं. मग शाळांच्या मुलींची अंतिम मॅच आली. जागा पुरेना, तशा कन्याशाळेच्या मुली कोपऱ्यात दाटीवाटीनं बसल्या. त्यांच्या खेळाच्या बाई सुरेखा मगदूम तिथंच होत्या. भिंतीलगत गिलाव्याची भुकटी झरताना त्यांना दिसली. एकेकाळच्या जिल्ह्याच्या खेळाडू त्या. पुढचं काही विचारात न घेता त्यांनी पोरींना अक्षरशः ढकलून शेजारच्या कप्प्यात घातलं. शेवटची मुलगी पलीकडे गेली आणि कोपरा खाली आला. पोरींना खरचटलं, कुणाचा हात मोडला. मगदूम बाईंचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

सगळा गाव दवाखान्यात लोटला, तशी ऋतुजाही गेली. मगदूम बाईंनी तिचा हात धरून तिचीच समजूत काढली, की मॅडम, तुम्ही कशाला रडताय, माझ्या पोरी सगळ्या धड आहेत. ऋतुजाला लाज वाटली. साधी लाज नव्हे, अंगावर कपडे असून नसल्यासारखी. ती जिन्यात जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिथून तिला खाली उतरवेना.

चौकशी समिती बसली. अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश होत्या, शांत आणि कमी बोलणाऱ्या. ऋतुजानं गावातले तांबोळी वकील केले. वकिलांनी तिला समजावून सांगितलं, की डिझायनर आणि तपासनीस दोघांनीही नोंद उघडू दिली नाही, तर पहिली जबाबदारी डिझायनरची. त्याचा दंड, त्याचा परवाना. तुमच्यावर फार तर ताशेरे येतील. तेव्हा तुम्ही काही बोलायचं नाही. नोंदीत काय आहे, ते मलाही सांगू नका. ऋतुजानं सांगितलं नाही.

पहिल्या बैठकीला अध्यक्षबाईंनी इनामदार सरांना रिवाजाप्रमाणं विचारलं, नोंद उघडायला तुमची संमती आहे का. उत्तर नकारार्थीच येणार म्हणून कारकून पुढच्या कामाला लागलाही होता. सर उभे राहिले आणि म्हणाले, आहे. सभागृहात कुजबुज सुरू झाली. राज्यात पहिल्यांदाच कुणी हो म्हटलं होतं. पडद्यावर ड्रॉइंग आलं, त्यावर सरांची नजर दाखवणारा ठिपका फिरला, आणि कोपऱ्यातल्या कप्प्यावर येताच शेजारची रेघ वर उसळली. एकदाच, पण स्पष्ट.

सरांनी निवेदन केलं. म्हणाले, मला काहीतरी टोचलं होतं, काय ते उमगलं नाही, आणि उमगलं नाही हे कबूल करायला मी कचरलो. दोष माझा. शेटे मॅडमचा यात काडीचा संबंध नाही, त्यांनी गुरूवर विश्वास टाकला. जे व्हायचं ते माझं होऊ दे.

दुपारपर्यंत ते निवेदन गावातल्या प्रत्येक फोनवर होतं. संघटनेच्या सचिवानं ऋतुजाच्या खांद्यावर थाप मारून सांगितलं, सुटलीस. भाजी घेताना भाजीवाली म्हणाली, मॅडम, देवमाणूस हो तुमचे सर. ऋतुजा पिशवी तिथंच विसरून घरी आली.

दुसऱ्या दिवशी ती सरांकडे गेली. सांगायचं म्हणूनच गेली. रस्ताभर वाक्य जुळवत होती. सर व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसले होते, दाढी वाढलेली. तिला बघून उठायला लागले, तशी तिनं घाईनं त्यांना बसवलं. काकू पोह्यांची बशी तिच्या हातात देऊन आत गेल्या.

सर आपण होऊनच बोलायला लागले. म्हणाले, आताशा असं होतं, समोरचं दिसतं पण जुळत नाही. त्या कोपऱ्यावर टोचलं तेव्हा म्हटलं, कशाला जिवाला घोर, ऋतुजा आहे. काही असेल तर ती सोडणार नाही. म्हणून तर स्वतः घेऊन आलो तुझ्याकडे. तू सही केलीस आणि माझा जीव भांड्यात पडला.

ऋतुजाच्या हातातली बशी जड झाली. म्हणजे ती त्यांना सांभाळत होती आणि ते तिच्या भरवशावर निवांत होते. त्यांचा मान राहावा म्हणून ती गप्प बसली, आणि ते आले होते ते तिनं गप्प बसू नये म्हणून.

“तुला दिसलं नाही, याचा मला राग नाही गं,” सर म्हणाले. “एकच मनाला लागतं. सळई वर कधी आणि खाली कधी, एवढी साधी गोष्ट. ती माझ्या हाताखालून गेलेल्या मुलीला दिसू नये? मी शिकवण्यातच कमी पडलो असणार.”

हीच वेळ होती. दिसलं होतं सर, एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. ऋतुजानं तोंड उघडलं आणि सरांच्या वाढलेल्या दाढीकडे, गळ्याजवळ सैल झालेल्या सदऱ्याकडे तिची नजर गेली. या अवस्थेत यांना हे सांगायचं?

“नाही सर, तुम्ही छान शिकवलंत,” ती म्हणाली, आणि तिनं पोहे खाल्ले. सगळे खाल्ले. फाटकाबाहेर आल्यावर तिला स्वतःची किळस आली. पुन्हा तेच केलं होतं तिनं. एका बाईचा पाय गेल्यावरही तिची भीड चेपली नव्हती.

घरी तिनं नवऱ्याला, ओंकारला सगळं सांगितलं. त्यानं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग शहाण्या माणसानं बोलावं तसं बोलला. सरांनी आपणहून घेतलंय, त्यांचं वय बघून त्यांना सवलत मिळेल. तुला मिळणार नाही. आपल्या लेकीची, ईराची दहावी आहे. आणि नाही म्हणायचा हक्क तुला कायद्यानंच दिलाय. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. ऋतुजा म्हणाली, मला मगदूम बाईंनी हात धरून समजावलं रे. ओंकारनं उठून तिच्यासाठी चहा केला आणि समोर आणून ठेवला.

दुसरी बैठक नगरपरिषदेच्या सभागृहात सकाळी भरली. सर पुढच्या रांगेत बसले होते. मगदूम बाई कुबड्या घेऊन आल्या होत्या, दोन विद्यार्थिनी त्यांना धरून. तांबोळी वकिलांनी ऋतुजाचं उत्तर टाइप करून आणलं होतं, ते नुसतं वाचायचं होतं.

अध्यक्षबाईंनी विचारलं, “शेटे मॅडम, तुमची नोंद उघडायला तुमची संमती आहे का?”

“आहे,” ऋतुजा म्हणाली.

तांबोळी वकिलांनी चटकन उभं राहून थोडा वेळ मागितला. अध्यक्षबाईंनी ऋतुजाकडे बघितलं. तिनं मान हलवून नको म्हटलं. सर वळून तिच्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. पोरीनं लपवण्यासारखं काही नाही हे दाखवून दिलं, असं त्यांना वाटत असणार. ते कौतुक तिला बघवेना.

पडद्यावर ड्रॉइंग आलं. ठिपका एकेक कप्पा शांतपणे पार करत कोपऱ्यात आला आणि शेजारची रेघ उसळली. मग ठिपका कागद सोडून वर गेला. चष्मा नजरेसमोरचं सगळंच टिपायचा, त्यामुळं पडद्यावर आता सरांचा चेहरा आला. हसणारा, सुरकुतलेला, तोंडाची एक बाजू किंचित ओघळलेली. ठिपका पुन्हा कोपऱ्यावर गेला. रेघ पुन्हा उसळली. पुन्हा सरांचा चेहरा. आणखी एकदा कोपरा, आणि रेघ याही वेळी तेवढीच वर. मग पुन्हा सरांचा चेहरा, आणि ठिपका तिथं बराच वेळ थांबला. तिथून तो सरळ सहीच्या चौकटीवर उतरला.

सर पडद्याकडे बघत होते. स्वतःला असं दुसऱ्याच्या डोळ्यांनी त्यांनी कधी बघितलं नसेल. बऱ्याच वेळानं ते ऋतुजाकडे वळले.

“मी एवढा म्हातारा दिसतो तुला?”

ती खाली बघत राहिली.

“चूक काढून घ्यायला आलो होतो गं मी तुझ्याकडे,” सर म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. “कीव करून घ्यायला नव्हतो आलो.” मग त्यांनी चष्मा काढला आणि रुमालानं डोळे पुसायला लागले.

ऋतुजाला वाटलं, त्यांच्या पायाशी जाऊन बसावं आणि माफी मागावी. ती दोन पावलं त्यांच्याकडे गेलीही. तेवढ्यात मागच्या रांगेत कुबड्यांचा आवाज झाला. मगदूम बाई उभ्या राहिल्या होत्या. अध्यक्षबाई म्हणाल्या, की तुम्हाला काही विचारायचं असेल तर ते वकिलांमार्फत विचारा. मगदूम बाई म्हणाल्या, मोठं काही नाही, एकच समजून घ्यायचंय. त्या सरांकडे बघत नव्हत्या, ऋतुजाकडे बघत होत्या, दवाखान्यात बघितलं होतं तसंच, नीट, डोळ्यांत डोळे घालून.

“म्हणजे दोघांनाही खटकलं होतं?”

तांबोळी वकिलांनी ऋतुजाचा दंड दाबला. उत्तर देऊ नका, असं ते पुटपुटले. सरांनी मान खाली घातली होती. ऋतुजा त्यांच्याकडे पाठ करून मगदूम बाईंच्या समोर उभी राहिली. या वेळी मधे कुणाचा चेहरा नव्हता.

“हो,” ती म्हणाली. “सरांना एकदा. मला तीनदा.”